आटे गेलेले स्क्रू, हलणारे ब्रॅकेट: कॅम्परच्या बाहेरच्या फिटिंगचा इलाज

ऑनिंगचा (बाजूला उघडणाऱ्या कापडी छताचा) ब्रॅकेट, दाराशेजारचं हँडल, मागची शिडी, कोपऱ्यातले मार्कर लाईट, पाणी भरायच्या तोंडाचं झाकण. कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बाहेर लावलेल्या या वस्तूंपैकी एखादी दर मोसमात ढिली होतेच. आपण पेचकसने दोन फेरे पिळतो, घट्ट झाल्यासारखं वाटतं, पेंचच्या जंगलाची एक चक्कर होते आणि ती वस्तू पुन्हा खुळखुळायला लागते. मग मिस्त्री म्हणतो, "काही होत नाही भाऊ, येक नंबर मोठा हाणतो." मोठा स्क्रू बसतो, वरून सिलिकॉन फासलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात आतल्या प्लायवर चहाच्या रंगाचा डाग उमटतो.

तोच स्क्रू दुसऱ्यांदा ढिला झाला असेल तर तो पिळू नका, बाहेर काढा. स्क्रूने ज्याला धरलंय तेच हरलं असेल, तर वरून कितीही पिळलं तरी फरक पडत नाही. आणि स्क्रू हलला की त्याच्याभोवतीचं सील तुटतं, तिथून पाणी आत जातं, पाण्याने आतलं लाकूड कुजतं, लाकूड कुजलं की स्क्रू आणखी हलतो. हे चक्र एकदा सुरू झालं की पेचकसाने थांबत नाही.

काढलेला स्क्रू काय सांगतो

स्क्रू लख्ख कोरडा आहे, आटे शाबूत आहेत, पण भोकात नुसता गरगर फिरत होता? मग पत्र्याचे आटे गेलेत. एक मिलिमीटर पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धरतो. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने शेवटचा फेरा मारला की तो एक आटाही फाटतो. असे स्क्रू बहुतेक वेळा बसवतानाच मेलेले असतात, आपल्याला कळतं उशिरा.

आट्यांमध्ये काळा, ओलसर भुसा अडकलाय आणि कुबट वास येतोय? आत लाकूड कुजलंय. भोकात टोच्या किंवा पातळ पेचकस घालून दाबून बघा. चांगलं लाकूड अडवतं, कुजलेलं आत जाऊ देतं. मग भोकाच्या आजूबाजूला पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज बदलतो तिथवर कूज पसरली आहे असं धरा आणि तिथे खडूने रेघ मारा. ही रेघ नेहमीच अपेक्षेपेक्षा लांब जाते, आणि खालच्या बाजूला जास्त जाते, कारण पाणी खाली उतरतं.

पांढरी पूड निघाली तर ती ॲल्युमिनियमची झीज. स्टेनलेस स्क्रू आणि ॲल्युमिनियम पत्रा एकमेकांना चिकटून ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रू चकचकीत राहतो आणि भोक मोठं होत जातं. स्टेनलेस लावलं म्हणजे निश्चिंती, असं समजणाऱ्यांना हा प्रकार चक्रावून टाकतो.

आणि भोक गोल राहिलेलं नसून लांबट झालं असेल, तर तिथे ओझं पुढेमागे होतंय. ऑनिंगच्या हाताखाली, शिडीच्या वरच्या टोकाला हे हमखास दिसतं. तिथे भोक बुजवून तसाच स्क्रू परत लावण्यात काही अर्थ नाही. जोडणीच बदलावी लागते.

आपल्याकडचं ऊन

मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, छताला हात लावून बघा, म्हणजे वेगळं सांगावं लागणार नाही. त्यावर मृगाची पहिली सर पडली की तोच पत्रा काही मिनिटांत गार होतो. ॲल्युमिनियम दर मीटरमागे, दर अंशाला साधारण ०.०२३ मिमी वाढतं. लोखंड त्याच्या जवळपास निम्मं, ०.०१२ मिमी. म्हणजे ३ मीटर लांब ऑनिंगची ॲल्युमिनियम पट्टी ४० अंशांच्या फरकाला पावणेतीन मिमी सरकते. आतला लोखंडी सांगाडा तेवढाच तापला तरी दीड मिमीच्या आतच सरकतो, आणि तो आत असल्याने तेवढा तापतही नाही. हा सगळा फरक दोन टोकांच्या स्क्रूंच्या मानेवर येतो. लांब पट्टीचे टोकाचे स्क्रू आधी ढिले होतात आणि मधले घट्ट राहतात, त्याचं कारण हेच.

त्यावर उपाय सोपा आहे. पट्टीच्या मध्यावरचं भोक नेमक्या मापाचं ठेवा आणि बाकीची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने कानशीने थोडी लांबवा. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वायसर टाका. पट्टी मधून धरलेली राहते आणि दोन्ही टोकांना सरकायला जागा मिळते. नवी पट्टी बसवताना हे कुणी करत नाही, कारण अर्धा तास जास्त लागतो.

पत्र्याचे आटे गेले असतील तर

एक नंबर मोठा स्क्रू, म्हणजे ४.२ मिमीच्या जागी ४.८, हा उपाय मला फक्त हलक्या वस्तूंसाठी मान्य आहे. मार्कर लाईट, नंबरप्लेटचा दिवा, वायरची क्लिप, एवढंच. तेही एकदाच. जिथे हात पडतो, वारा ओढतो किंवा वजन लोंबतं, तिथे रिव्हनट लावा. भोकात बसवून दाबला की हा नट पत्र्याच्या मागे फुगतो आणि पत्र्याला दोन्ही बाजूंनी आवळतो. मग त्यात साधा मशीन स्क्रू बसतो, शंभरदा काढा-घाला. एम ५ (५ मिमी स्क्रूच्या) नटासाठी भोक ७ मिमी, एम ६ साठी ९ मिमी लागतं. भोक अर्धा मिमी जरी मोठं झालं तरी नट स्क्रूबरोबर फिरायला लागतो, आणि फिरणारा रिव्हनट काढणं हे काम शत्रूलाही देऊ नये. म्हणून आधी लहान बिट, मग वाढवत जा, शेवटचं माप नव्या धारदार बिटने. भोक आधीच वेडंवाकडं असेल तर तिथे रिव्हनटचा नाद सोडा आणि दोन सेंटिमीटर बाजूला नवी जागा घ्या. जुनं भोक रिबिटने बंद करा.

नागपूरच्या इतवारीत लोहाओळीच्या बाजूला फिरलात तर रिव्हनट मिळतात, पण घेताना पकडीची जाडी विचारा. तुमचा पत्रा किती जाड आहे त्यावर कोणता नट चालेल हे ठरतं. दुकानदार एम ६ म्हटलं की समोर येईल तो डबा उघडतो. घरून पत्र्याचा तुकडा नेता आला तर उत्तम, नाहीतर व्हर्नियरने माप घेऊन जा.

बॉडी फायबरची असेल तर गणित बदलतं. रिव्हनट आवळताना फायबर चिरडतो, तारेसारख्या भेगा पडतात. तिथे रबरी नट वापरा: रबराच्या नळीत पितळेचा नट असतो, स्क्रू पिळला की रबर मागे फुगतं. ओझं फार घेत नाही, पण हादरे खातो आणि पाणीही बऱ्यापैकी अडवतो. खिडकीच्या वरची पन्हाळी, पावदानाचा दिवा, केबलचं तोंड यांना पुरे.

रिबिटबद्दल एक सांगायचं राहून जाईल. नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकच्या बॉडी बांधणारे कारागीर स्क्रूपेक्षा रिबिटवर विश्वास ठेवतात आणि ते बरोबर आहेत, हादऱ्यात रिबिट स्क्रूसारखा ढिला होत नाही. पण नेहमीचा पॉप रिबिट मधून पोकळ असतो आणि त्या पोकळीतून पाणी झिरपतं. कॅम्परला मागून बंद असलेले रिबिट मागा. ते मिळालेच नाहीत तर प्रत्येक रिबिटच्या डोक्यावर सीलंटचा थेंब द्या.

लाकूड कुजलं असेल तर

इथे घाई चालत नाही. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल हा उपाय घरातल्या कपाटाच्या बिजागरीला ठीक आहे, गाडीच्या बाहेरच्या अंगाला नाही. साधा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो आणि तिथे तर पाण्यानेच घात केलेला असतो.

कूज रुपयाएवढ्या जागेत असेल तर बाहेरून निभावतं. आधी वाळवा, मे महिन्याचं ऊन इथे मात्र कामाला येतं. फिटिंग काढून भोकं उघडी ठेवून गाडी आठवडाभर उन्हात उभी करा, रात्री दव किंवा वळवाचा पाऊस येईल म्हणून टेप लावा. मग एक लांब खिळा टोकाला काटकोनात वाकवा, ड्रिलमध्ये पकडा, भोकातून आत घाला आणि हळू फिरवा. बाहेरचं भोक तेवढंच राहतं आणि आतलं मऊ लाकूड खरवडून निघतं. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. चांगलं, फिकट लाकूड लागेपर्यंत हे करायचं.

त्या पोकळीत पातळ इपॉक्सी आधी ओता म्हणजे लाकूड ते पिऊन घेईल, मग त्याच इपॉक्सीत बारीक लाकडाचा भुसा कालवून दाट लगदा भरा. भिंत उभी असल्याने लगदा बाहेर येतो, म्हणून भोकावर टेप लावून टेपलाच छोटं छिद्र पाडा आणि सिरिंजने भरा. उन्हाळ्यात एका वेळी जास्त इपॉक्सी कालवू नका. ४० अंशांत ते वाटीतच तापतं, धुरावतं आणि दगड होतं. सूर्य कलल्यावर, थोडं थोडं कालवा. दुसऱ्या दिवशी कडक झालं की त्यात नव्याने बारीक पायलट भोक पाडा आणि स्क्रू हाताने बसवा. इपॉक्सीत स्क्रू जबरदस्तीने घातला तर ते तडकतं.

कूज तळहातापेक्षा मोठी असेल तर हे सगळं विसरा. आतला प्लाय कापून उघडा. जीवावर येतं हे कबूल, विशेषतः आतून छान सनमायका लावलेला असतो तेव्हा. पण बाहेरून किती इपॉक्सी ढोसली तरी बाजूची कूज पसरत राहते आणि दोन पावसाळ्यांत तोच ब्रॅकेट हातात येतो. आतून उघडलं की कुजलेली पट्टी काढून नवी मरीन प्लायची किंवा ॲल्युमिनियम चॅनेलची पट्टी घालता येते, आणि कापलेल्या जागी नंतर एखादं छोटं कपाट किंवा हुकांची पट्टी लावून तो ठिगळ झाकताही येतो.

हँडल, शिडी आणि ऑनिंग

माणसाचं वजन जिथे येतं तिथे स्क्रू किंवा रिव्हनटवर भागवू नये. दारातलं हँडल धरून ऐंशी किलोचा माणूस स्वतःला वर ओढतो, तेव्हा ते हँडल त्याच्या हातात आलं तर तो थेट मागे रस्त्यावर. इथे बोल्ट आरपार हवा, मागून तीनेक मिमी जाडीची ॲल्युमिनियम पट्टी, रुंद वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने सहज न सुटणारा). पट्टी ब्रॅकेटपेक्षा मोठी घ्या आणि तिचे कोपरे गोल करा, नाहीतर कोपऱ्यापासूनच भिंतीला तडा जातो.

भिंत दोन पातळ थरांमध्ये फोम भरलेली असेल तर आणखी एक काम. आरपार बोल्ट आवळला की फोम दबतो, भिंत आत खचते, थोड्या दिवसांत बोल्ट पुन्हा ढिला. म्हणून भिंतीच्या जाडीएवढा ॲल्युमिनियम नळीचा तुकडा कापून बोल्टभोवती घाला. आवळल्याचं सगळं ओझं नळी घेते, फोमला काही कळत नाही. नळी अर्धा मिमी लांब राहिली तर पट्टी भिंतीला टेकणार नाही, आखूड राहिली तर फोम दबेल. हे माप नीट घ्यायला वेळ द्या.

स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक नट ड्रिलने भरधाव फिरवला तर दोन्ही एकमेकांत जाम होतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि हाताने पाना चालवा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे नायलॉनचा वायसर आणि सीलंटचा पातळ थर असू द्या, म्हणजे ती पांढरी पूड होत नाही. आरपार भोक पाडण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवा आणि त्या भिंतीतून वायर, पाण्याची नळी किंवा गॅसची लाईन जाते का ते पक्कं करा. ड्रिलच्या बिटला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळला की तो नको तितका आत जात नाही.

पत्र्याच्या शेडला लावतात ते रबरी वायसरचे, स्वतःच भोक पाडणारे स्क्रू बरेच जण सुचवतात. शेड जागेवरून हलत नाही, गाडी हलते. शिवाय त्यांचं लांब टोक आत कुठल्या वायरमध्ये घुसलंय हे दिसत नाही. माझ्या मते ते कॅम्परच्या जवळही आणू नयेत.

सीलंट

दुकानात सीलंट मागितलं की हातात सिलिकॉनची नळी येते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला गंज आणतं, आणि त्याचा पातळ थर जरी मागे राहिला तरी नंतर त्यावर रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही. जुनं सिलिकॉन असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने आणि ब्लेडने खरवडून पूर्ण काढा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

जी वस्तू पुन्हा काढावी लागेल तिच्याखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावा. ती कधी कडक होत नाही, फिटिंगबरोबर थोडी हलते. मे महिन्यात ती पाझरून कडेने बाहेर येते, तेव्हा प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका आणि बोल्टला पाव फेरा द्या, एवढंच. जी वस्तू कायमची आहे तिला पॉलियुरेथेन सीलंट, पण ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडकीला ते लावू नका. एम-सील भोक बुजवायला चांगलं. हलणाऱ्या सांध्यात मात्र ते तडकतं.

एक बारकावा उपयोगी पडतो. भोक पाडल्यावर त्याची बाहेरची कड मोठ्या बिटने हलकेच तासा, छोटी वाटी झाल्यासारखी. सीलंट तिथे साचतं आणि बोल्टच्या मानेभोवती त्याचं कडं तयार होतं. बोल्ट आवळताना डोकं धरून ठेवा आणि नट फिरवा, नाहीतर ते कडं पिळून तुटतं. सगळं सीलंट बाहेर येईल इतकं आवळू नका. आणि वर, डावी-उजवी कड बंद करा पण खालची कड मोकळी ठेवा. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) चालतं, पण प्लास्टिकच्या फिटिंगजवळ नाही. एबीएस जातीचं प्लास्टिक त्याने बारीक बारीक तडकतं. मुळात आपल्या उन्हात दोन-तीन वर्षं भाजलेलं प्लास्टिकचं दाराचं कॅच किंवा झाकण दुरुस्त करत बसू नये, ते बदलावं.

काम झाल्यावर

प्रत्येक नटावरून पट्टीवर जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या फेरीनंतर रेघ सरळ असेल तर नटाला हात लावायची गरज नाही, तुटली असेल तर तोच एक बघायचा. उमरेड-भिवापूरकडून ताडोब्याला जाऊन आल्यावर किंवा जंगलातल्या गावाच्या रस्त्यावर हादरे खाल्ल्यावर ही पाहणी पाच मिनिटांत होते.

पाण्याची परीक्षा बागेच्या पाइपाने घ्या, गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने नको. प्रेशर पंप चांगल्या सीलमधूनही पाणी घुसवतो आणि उगाच घाबरवतो. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेर खालून सुरुवात करून हळूहळू वर जातो आणि प्रत्येक फिटिंगवर दोन-चार मिनिटं थांबतो. वरून सुरू केलं तर छतावरचं पाणी ओघळून खालचं प्रत्येक फिटिंग भिजवतं आणि कोणतं गळतंय हे कळत नाही. आत थेंब दिसला की त्याच्या नेमक्या मागचं फिटिंग उखडू नका. पाणी सांगाड्याच्या पट्टीवरून हातभर लांब चालत येतं, तेव्हा त्या पट्टीचा माग काढत वर, गाडीच्या पुढच्या अंगाला शोधा. बऱ्याचदा आत थेंब दाराजवळ पडतो आणि गळती सापडते समोरच्या मार्कर लाईटच्या एका आटे गेलेल्या स्क्रूपाशी.